दोन देश, एक भागाकार, तीन उत्तरे

भारत आणि चीन यांची तुलना निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘चीन आपल्या पाचपट पुढे गेला.’ हे वाक्य खोटे नाही. जागतिक बँकेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये चीनचे दरडोई सकल देशांतर्गत उत्पादन साडेबारा हजार डॉलरच्या घरात होते आणि भारताचे अडीच हजारांच्या. परंतु ज्याने आयुष्यात एकदा तरी ताळेबंद वाचला आहे, त्याने या आकड्यावर थांबू नये.

१९९० मध्ये भारताचा आकडा सुमारे ३६८ डॉलर होता, तर चीनचा ३१८. पुढच्याच वर्षी चीन ३३३ वर चढला, भारत ३०३ पर्यंत खाली आला, आणि तेव्हापासून चीन पुढेच आहे. एका वर्षात सतरा-अठरा टक्क्यांची घसरण! मग १९९१ मध्ये भारतातील शेते ओस पडली होती काय? तसे काही झाले नव्हते. त्या वर्षी देशाचे उत्पादन जेमतेम एक टक्क्याने वाढले आणि लोकसंख्या सुमारे दोन टक्क्यांनी. म्हणजे माणशी घट एखादा टक्का. उरलेली घसरण रुपयाची होती. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले. १९९० मध्ये सरासरी साडेसतरा रुपयांना मिळणारा डॉलर १९९१ च्या सरासरीत बावीस रुपयांच्या पुढे गेला. माल तेवढाच राहिला, मोजण्याचे माप बदलले.

म्हणूनच अर्थशास्त्रज्ञ क्रयशक्ती समानतेचे दुसरे माप वापरतात. केस कापण्याचे काम पुण्यात आणि शांघायमध्ये सारखेच. मजुरी मात्र वेगळी. अशा स्थानिक किमती जुळवून हिशोब केला की पाचपटीचे अंतर साधारण अडीचपटीवर येते. हे मापही निर्दोष नाही. किमतींची नवी पाहणी हाती आल्यावर २००७ च्या अखेरीस जागतिक बँकेने या मापाने काढलेले दोन्ही देशांचे उत्पादन एकदम सुमारे चाळीस टक्क्यांनी खाली आणले होते! तेल आयात करायचे असेल, मुलाचे परदेशी शुल्क भरायचे असेल, तर डॉलरचाच आकडा खरा; घरचा बाजारहाट मोजायचा असेल तर दुसरा.

तरीही मापाच्या आड लपता येणार नाही. १९९० नंतरच्या तीन दशकांत चीनचे दरडोई उत्पादन, महागाई वजा जाता, वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास वाढले. भारताचे साडेचार टक्क्यांच्या. बँकेत ठेव ठेवणाऱ्यांना बहात्तरचा नियम ठाऊक असतो : बहात्तरला दराने भागले की दामदुप्पट होण्याची वर्षे मिळतात. चीनला नऊ वर्षे लागली, भारताला सोळा. सत्तावीस वर्षांत एकाचे आठपट, दुसऱ्याचे सव्वातीनपट. साडेतीन टक्क्यांचा फरक किरकोळ म्हणणाऱ्याने चक्रवाढीचे कोष्टक पुन्हा उघडून पाहावे.

भागाकारातील भाजकही विसरू नये. १९९० ते २०२३ या काळात चीनची लोकसंख्या सुमारे एक चतुर्थांशाने वाढली, भारताची जवळपास दोन तृतीयांशाने. मात्र एक-अपत्य धोरणाचा लाभ चीनने उचलला तशी त्याची किंमतही तो आता मोजतो आहे. २०२२ पासून तेथील लोकसंख्या घटू लागली आहे.

या आकड्यांत सर्वांत कमी चर्चा होते ती कुटुंबाच्या वाट्याची. भारतात देशांतर्गत उत्पादनाचा सुमारे साठ टक्के भाग कुटुंबांच्या उपभोगासाठी खर्च होतो, चीनमध्ये चाळीस टक्क्यांहूनही कमी. अडीचपटीला हे प्रमाण लावले तर सामान्य घरातील उपभोगाचे अंतर ढोबळमानाने दीडपटीच्या आसपास उरते. पाचपट, अडीचपट, दीडपट : वर्ष तेच, देश तेच.

बाकीचा पैसा कोठे गेला? बराचसा गुंतवणुकीत. वेगवान रेल्वे, बंदरे, कारखाने उभे राहिले. त्यांच्या बळावर पुढची वाढ झाली, हे मान्यच केले पाहिजे. काही पैसा मात्र गगनचुंबी गृहसंकुलांत गेला आणि त्यांतील कित्येक सदनिका रिकाम्या आहेत. २०२१ मध्ये एव्हरग्रांड ही बलाढ्य बांधकाम कंपनी कर्जफेडीत चुकली, तेव्हा हे जगासमोर आले. इमारत ज्या वर्षी बांधली, त्या वर्षीच्या उत्पादनात तिची नोंद होऊन गेली होती. तिच्यात पुढे कोणी राहावयास आले की नाही, हे त्या रकान्यात कधीच लिहिले जात नाही.