जनपदोद्ध्वंस आणि धानाची बांधी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. वायू, उदक, देश व काल हे चार भाव बिघडले असता भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी व्याधिग्रस्त होतात, हा त्यातील सिद्धांत सर्वश्रुत आहे. परंतु भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करावा, असे पुनर्वसु आत्रेय त्याच अध्यायात अग्निवेशास सांगतात, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. हवामानबदलाच्या काळात शेतीसही हेच सूत्र लागू पडते, असे आमचे मत आहे.

जवाहरनगरचा परिसर, किंबहुना सबंध भंडारा जिल्हा, धानावर जगतो. पऱ्हे तयार असताना पावसाने ओढ दिली की रोवणी लांबते. उलटपक्षी २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेच्या महापुराने उभे धान बुडविले. उदकाचा कधी अयोग, कधी अतियोग! उष्म्याचाही विचार करावयास हवा. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतील नोंदींवर आधारित, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कोरड्या हंगामात रात्रीचे तापमान एक अंशाने वाढले असता उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हवेतील कर्बवायू वाढल्यास तांदळातील प्रथिने, लोह व जस्तही उणावतात, असे २०१८ च्या संशोधनाने दाखविले. म्हणून अन्नसुरक्षा केवळ क्विंटलांत मोजता येणार नाही.

मग संग्रह कशाचा करावा? प्रथम पाण्याचा. गोंडकाळापासून कोहळी समाजाने बांधलेले तलाव व शेतातील बोड्या हे या भूमीचे वैभव होय. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. तलाव शासनाकडे आले, परंतु देखभालीअभावी अनेक गाळाने भरले. गाळ काढल्यास लांबलेल्या पावसातही बांधीस पाणी मिळेल, पुराचा काही भार तलाव झेलतील.

दुसरा संग्रह बियाण्यांचा. हलके, मध्यम व भारी असे तिन्ही प्रकारचे धान गावात असल्यास एका संकटाने सर्व पीक जात नाही. येथे जुन्या-नव्याचा वाद नको. साठ दिवसांच्या षष्टिकाचे महत्त्व आपण जाणतोच. तसेच सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरणारे ‘स्वर्णा सब-१’ हे नवे वाणही खोलगट बांधीत उपयुक्त आहे.

तिसरा संग्रह ओलाव्याचा. धान उभे असतानाच बांधीत जवस, हरभरा पेरण्याची पद्धत टिकली पाहिजे. ताटात भातासोबत शिंबीधान्य आले, तरच पोषण पूर्ण होते.

यावर आक्षेप येईल की, हलक्या वाणांचे उत्पादन कमी; तो तोटा शेतकऱ्याने का सोसावा? आक्षेप रास्त आहे. एकट्या शेतकऱ्याने तो मुळीच सोसू नये. येथेच वैद्याचे कर्तव्य सुरू होते. चरकाचार्यांनी नित्य सेवनीय द्रव्यांत षष्टिक, शाली व मुद्ग यांची गणना केली आहे. आपण मात्र पथ्यपत्रकावर ‘हलका आहार’ एवढेच लिहून थांबतो. त्याऐवजी धान्याचे व वाणाचे नाव लिहावे, ते जवळच्या कोणत्या गावी पिकते हेही सांगावे. रुग्णाने मागितले तर व्यापारी आणील, आणि योग्य भाव मिळाला तर शेतकरी पेरील. भौगोलिक मानांकन लाभलेल्या भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळासही अखेर जाणता ग्राहकच तारणार आहे.

जनपद बिघडल्यावर चिकित्सा करणे दुष्कर आहे. बीज व जल हाती असतानाच आपल्या पथ्यपत्रकापासून प्रारंभ करावा, अशी वैद्यवर्गास नम्र विनंती.