टोमॅटोची जाड साल : दोष उन्हाचा की इतिहासाचा?

१/ गच्चीवरच्या कुंडीतला टोमॅटो लालबुंद होतो, पण सुरी लावली की साल दाद देत नाही. रश्शात तिची सुरळी वेगळीच तरंगते. मग दोष उन्हाला किंवा खताला दिला जातो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे उत्तर विसाव्या शतकातील कॅलिफोर्नियाच्या शेतांत आहे.

२/ आधी वनस्पतीची बाजू. टोमॅटोच्या फळाला पानांसारखी पर्णरंध्रे नसतात. त्यातील ओलावा बाहेर पडतो तो साल आणि देठाची खूण यांवाटे. सालीवर क्युटिन व मेण यांचे आवरण असते. कडक ऊन, कोरडी हवा आणि अपुरे पाणी असेल, तर हे कवच दाट होते. नियमित पाणी, मुळाशी पालापाचोळ्याचे आच्छादन आणि दुपारची सावली यांनी फरक पडतो.

३/ परंतु एकाच वाफ्यात, एकाच पाण्यावर वाढलेल्या दोन वाणांची साल सारखी नसते. म्हणजेच काही निर्णय बियाण्यातच घेतलेला असतो. तो कोणी आणि कशासाठी घेतला, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

४/ १९४२ मध्ये, महायुद्धातील मजूरटंचाईमुळे, अमेरिका व मेक्सिको यांच्यात ‘ब्रासेरो’ करार झाला. मेक्सिकन मजूर कंत्राटावर अमेरिकेच्या शेतांत येऊ लागले. कॅलिफोर्नियातील डबाबंदीच्या टोमॅटोची तोडणी मोठ्या प्रमाणात त्यांच्याच हातांनी होई. काम दिवसभर वाकून करायचे आणि मोबदला तुटपुंजा.

५/ त्याच दशकात डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात यांत्रिक तोडणीचा विचार सुरू झाला. यंत्राची बाजू कोबी लॉरेन्झेन यांनी सांभाळली, तर वाणाची जॅक हॅना यांनी. यंत्र रोप जमिनीलगत कापणार, हलवून फळे झाडणार आणि पट्ट्यावर टाकणार. तेव्हाच्या नाजूक टोमॅटोचा यात लगदाच झाला असता.

६/ म्हणून यंत्राला साजेसे फळ घडवण्यात आले. सगळी फळे एकदम पिकावीत, देठापासून सहज सुटावीत आणि आदळली तरी फुटू नयेत, या त्यामागच्या अटी. १९६० च्या दशकाच्या आरंभी आलेले ‘व्हीएफ-१४५’ हे त्याचे फलित. चव ही या यादीतील पहिली अट नव्हती.

७/ १९६४ च्या अखेरीस ब्रासेरो करार संपला. त्या वर्षी यंत्राने तोडलेल्या मालाचा वाटा अगदी किरकोळ होता. १९७० पर्यंत जवळपास सगळे पीक यंत्रावर गेले. ‘मजूर गेले म्हणून यंत्र आले’ असे सर्रास सांगितले जाते. कालक्रम मात्र वेगळे सांगतो: मजूर जाण्यापूर्वी सुमारे दोन दशके यंत्राची तयारी चालू होती.

८/ किंमत कोणी मोजली? महागडे यंत्र लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. १९६० च्या दशकारंभी सुमारे ४,००० असलेले उत्पादक दहाएक वर्षांत ६०० च्या आसपास उरले. यंत्रावर उभे राहून फळे निवडणाऱ्या मजुरांचे कामही १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक निवडयंत्रांनी घेतले.

९/ १९७९ मध्ये विद्यापीठावर खटला भरला गेला. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन मोजक्या बड्यांच्या हिताचे कसे, असा सवाल होता. १९८७ चा निकाल विद्यापीठाविरुद्ध गेला. १९८९ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. कायद्याचा प्रश्न मिटला, न्यायाचा नाही.

१०/ दुसरी बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. वाकून तोडणी हे गौरव करावे असे काम नव्हते. टणक साल हीदेखील निव्वळ खलनायिका नव्हे. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून क्रेटमध्ये रचलेला टोमॅटो दूरच्या शहरी निघतो, तेव्हा तीच साल शेतकऱ्याचे नुकसान टाळते. पातळ सालीचे फळ प्रवासात दबते, आणि कोरड्या दिवसांनंतर एकदम पाऊस झाला तर वेलीवरच तडकते.

११/ आक्षेप सालीवर नाही, निर्णयाच्या पद्धतीवर आहे. बियाण्याची वैशिष्ट्ये ठरवताना यंत्र, कारखाना आणि वाहतूक यांना मत होते. मजूर, लहान शेतकरी आणि खाणारा यांना ते नव्हते. तंत्रज्ञान आपोआप ‘घडते’ असे मानणाऱ्या इतिहासलेखनात हीच गोष्ट झाकली जाते.

१२/ गच्चीवर ना यंत्र येते, ना ट्रक. तरीही तेथे प्रक्रियेसाठी किंवा दूरच्या वाहतुकीसाठी घडवलेले वाण लावले, तर न केलेल्या प्रवासाची किंमत जिभेला मोजावी लागते. पाणी आणि सावली सांभाळावीच. पण पुढच्या हंगामात बियाण्याचे पाकीट उचलताना हे वाण कोणाच्या सोयीसाठी घडवले गेले, एवढे जरूर विचारावे.