निसर्गरक्षणाचा उतारा

आमच्या भागात साखर कारखान्याची परीक्षा नुसत्या गाळपावर होत नाही. किती ऊस गाळला हे ऐकून झाले, की शेतकरी लगेच विचारतो, “उतारा किती पडला?” निसर्गरक्षणाच्या बाबतीत मात्र जग अजून गाळपाचेच आकडे मिरवीत आहे, असे मला वाटते.

२०२२ साली माँट्रियल येथे राष्ट्रांनी ठरवले, की २०३० पर्यंत पृथ्वीवरील ३० टक्के जमीन व समुद्र संरक्षित करायचा. ध्येय थोर आहे. पण हे झाले क्षेत्र. त्यात जीव किती तगले? आपल्याच राज्यात १९७९ साली माळढोकासाठी ८,४९६ चौ. कि. मी.चे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. पुढे ते १,२२२ चौ. कि. मी.वर आणावे लागले. आणि माळढोक तर दिसेनासाच होत गेला. गाळप प्रचंड, उतारा नाही!

याउलट कुंडलशेजारचे सागरेश्वर पाहा. क्षेत्र अवघे १०.८७ चौ. कि. मी. धों. म. मोहिते यांच्यासारख्या वृक्षवेड्या माणसाच्या ध्यासातून उजाड डोंगर हिरवा झाला, तेथे हरणे आणून सोडली गेली आणि १९८५ साली अभयारण्य झाले.

मग सागरेश्वरला पहिला क्रमांक द्यावा काय? हिशेब इतका सोपा नाही. हरणे कुंपणाबाहेर येऊन पिके खातात, ही आसपासच्या गावांची जुनी तक्रार आहे. रात्र रात्र राखण करणाऱ्या शेतकऱ्याची झोप कोणत्या खर्चात धरायची? चांदोलीच्या जंगलासाठी जी गावे उठली, त्यांचे मोल कोणत्या रकान्यात लिहायचे? येल व कोलंबिया विद्यापीठांच्या २०२२ च्या पर्यावरण क्रमवारीत १८० देशांत भारत शेवटचा ठरला. सरकारने ती पद्धतच अमान्य केली. वाद गुणांवरून झाला. राखणीच्या रात्रींना त्या तक्त्यात रकानाच नव्हता. खर्च गरिबाने सोसायचा आणि तो मांडायचाच नाही, तर कोणताही देश कार्यक्षम दिसेल!

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समिती आणि लोकांची नोंदवही यांची तरतूद केली आहे. कोणते पाखरू परतले हे त्या वहीत लिहावेच. पण कोणाचे शिवार उजाडले, हेही शेजारी लिहावे. घरातून कॉलेजात आलेले आम्ही पहिलेच. गावाचे अर्ज आम्हीच लिहितो. मग हा हिशेब लिहायला आम्ही पुढे का होऊ नये?

— द्वितीय वर्ष, कला