बोंबलाच्या पोटातला बोंबील

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी जे उरणच्या मोरा-करंजा भागात राहतात त्यांना मी काही नवीन सांगतो आहे असे नाही. ओला बोंबील साफ करताना पोट फाडले की आत बहुधा जवळा निघतो. पण कधीकधी जवळ्याबरोबर एखादा लहान, अर्धवट विरघळलेला मासाही निघतो आणि नीट पाहिले तर तोही बोंबीलच असतो. बोंबलाचा जबडा केवढा मोठा, आणि त्यातले सुईसारखे दात कसे आतल्या बाजूला वळलेले असतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. एकदा आत गेलेले भक्ष्य परत फिरू नये अशीच ती रचना आहे. ते भक्ष्य जवळा आहे की बोंबील, याची चौकशी दात करत नाहीत.

हे पाहून लोक दोन प्रकारचे उद्गार काढतात. एक म्हणजे, "काय मेला राक्षस, आपलीच पोरे खातो!" दुसरा जरा शिकलेल्यांचा असतो : "निसर्ग अशा रीतीने प्राण्यांची संख्या आटोक्यात ठेवतो." माझ्या मते ही दोन्ही उत्तरे टाकून द्यावीत अशी आहेत, आणि दुसरे तर आधी टाकावे. पहिले निदान भोळे आहे. दुसरे विज्ञानाचा अंगरखा घालून येते, परीक्षेत त्याला गुणही मिळतात, आणि मग खरे कारण शोधायची कोणाला गरज वाटत नाही.

पण कारणाकडे जाण्यापूर्वी पुराव्याकडे पाहू या. बोंबील आपल्याकडे मुख्यतः डोल जाळ्याने पकडतात. भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडे ठेवून बसवलेली ही लांबलचक पिशवीच. तिच्या टोकाशी शेकडो मासे दाटीवाटीने कोंबले जातात. अशा गर्दीत एखाद्याने शेजाऱ्याला गिळले तर तो त्याचा नेहमीचा आहार म्हणावा काय? मुळीच नाही. म्हणून अभ्यासक पोटातला मासा किती पचला आहे हे पाहतात. ताजा, चकाकणारा मासा संशयास्पद. कातडी गेलेला, काटा दिसू लागलेला मासा जाळ्यात शिरण्यापूर्वीच गिळलेला असणार. ही काळजी घेऊनही बोंबील स्वजातीची पिल्ले खातो, असेच दिसून आले आहे. जवळ्याखालोखाल ते त्याचे एक नेहमीचे खाद्य आहे.

आता "राक्षस" या शब्दाकडे वळू. बोंबलाची मादी अंडी पाण्यात सोडते आणि तिचा त्यांच्याशी असलेला संबंध तिथेच संपतो. पुढे कधी समोरून जाणारे बोटभर पिल्लू तिचे की दुसरीचे, हे तिला कळण्याचा मार्गच नाही. 'स्वजातीचे' आणि 'स्वतःचे' या दोन शब्दांची आपण गल्लत करतो. आपली समजूत कधीकधी तर अगदी उलटी असते. विंचवीची पिल्ले तिच्या पाठीवर बसून तिलाच खातात आणि ती मरते, असे खेड्यापाड्यांत आजही सांगतात. वस्तुस्थिती अशी की, 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण शब्दशः खरी आहे. पहिली कात टाकेपर्यंत पिल्ले आईच्या पाठीवर सुखरूप असतात आणि मग उतरून आपल्या वाटेने जातात. आई जिवंतच राहते. उतरल्यानंतर मात्र धोका पिल्लांना असतो, कारण मोठा विंचू लहान विंचवाला सहज खातो. गॅरी पोलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रात्री अतिनील प्रकाशाचे दिवे घेऊन (त्या प्रकाशात विंचू हिरवट चमकतात!) याचा अभ्यास केला. १९८१ मध्ये त्याने एकंदर प्राणिसृष्टीतील नोंदी एकत्र केल्या, तेव्हा स्वजातिभक्षण करणाऱ्या सुमारे १३०० जाती भरल्या. तेव्हा हा काही एखाददुसऱ्या विकृत प्राण्याचा प्रकार नव्हे.

राहिले ते 'संख्या आटोक्यात ठेवण्याचे' उत्तर. समजा, उरणच्या समुद्रात दोन प्रकारचे बोंबील आहेत. एक संख्येची चिंता वाहणारा : समुद्रात गर्दी झाली की तो पिल्ले खातो आणि गर्दी नसली की उपाशी राहतो. दुसरा भूक लागली आणि तोंडात मावेल असे काही समोर आले की गिळणारा. कोण लवकर मोठा होईल? कोणाची अंडी अधिक? दुसऱ्याचीच. काही पिढ्यांनी समुद्रात चिंता वाहणारा उरणारच नाही. संख्या कमी होते हे खरे. पण तो परिणाम झाला, कारण नव्हे. पंखा फिरतो म्हणून खोलीत वारा येतो. खोलीला वारा हवा आहे म्हणून पंखा फिरतो असे आपण म्हणत नाही, त्याचे कारण तारेतून वाहणाऱ्या विजेतच शोधतो.

या चुकीच्या उत्तराने मोठमोठ्यांनाही चकवले आहे. युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक १९६० च्या दशकाच्या आरंभी धारवाडजवळच्या रानात काळतोंड्या वानरांचे निरीक्षण करत होते. बाहेरून आलेल्या नराने टोळीचा ताबा घेतला आणि पाठोपाठ टोळीतली तान्ही पिल्ले मारली गेली. (मारली, खाल्ली नाहीत. हा फरक लक्षात ठेवा.) पुढे काहींनी म्हटले, वानरांची दाटी झाल्यामुळे हे विकृत वर्तन घडले असावे. सारा हर्डी या संशोधिकेने अबूच्या पहाडावर वानरांचा अभ्यास करून १९७७ साली वेगळे कारण मांडले : अंगावर पिणारे पिल्लू गेले की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची संतती लवकर जन्मते. म्हणजे लाभ टोळीचा नव्हे, जातीचा तर नव्हेच. त्या एका नराचा. वाद पुष्कळ झाला, पण 'लाभ कोणाचा?' हा प्रश्न त्यामुळे सर्वांना विचारावा लागला.

तोच प्रश्न आपण आपल्या जिताड्याला विचारू. रायगडच्या खारेपाटात तळ्यांतून जिताडा वाढवण्याची जुनी रीत आहे आणि पाहुण्याला जिताडा वाढणे हा इथे मानाचा भाग समजतात. हा मासा बीजोत्पादन केंद्रात वाढवणाऱ्यांची मात्र लहानपणी पुरती झोप उडवतो. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव पालन संस्थेने १९९७ साली भारतात प्रथम बंदिस्त अवस्थेत त्याची पैदास करून दाखवली. त्या कामातली एक मोठी अडचण म्हणजे पिल्ले एकमेकांना गिळतात. एकाच दिवशी, एकाच टाकीत जन्मलेली ही भावंडे! (मराठीत 'भाऊबंदकी' हा शब्द उगीच तयार झाला नाही.)

लहान जिताडा आपल्या लांबीच्या सुमारे दोन तृतीयांश लांबीचे पिल्लू गिळू शकतो. मी पदार्थविज्ञान शिकवतो, त्यामुळे माझी नजर लगेच आकड्यांवर जाते. आकार सारखा असेल तर वस्तुमान लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. दोन तृतीयांशाचा घन ८/२७, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. तुमचे वजन ४० किलो असेल तर एका बैठकीत १२ किलो जेवल्यासारखे हे झाले! शिवाय मासा माशाच्याच घटकांचा बनलेला. अंग वाढवायला लागणारे सारे काही त्या एका घासात, हव्या त्या प्रमाणात मिळते. याउलट एक तृतीयांश लांबीचे पिल्लू खाल्ले तर मिळतात जेमतेम चार टक्के.

पुढची गंमत पाहा. ज्याला हा घास मिळाला तो झपाट्याने वाढतो. वाढल्यामुळे त्याला आणखी बरीच भावंडे तोंडात मावू लागतात. ती खाऊन तो आणखी वाढतो. ध्वनिक्षेपकासमोर चुकून कर्णा आला म्हणजे जी शिट्टी किंचाळत वाढत जाते, तीच ही क्रिया : परिणाम पुन्हा कारणाला बळ देतो. सुरुवातीचा फरक केसाएवढा असतो आणि अखेरीस टाकीत थोडे दांडगे मासे उरतात.

यावर उपाय काय करतात? दर थोड्या दिवसांनी पिल्ले चाळून आकाराप्रमाणे वेगळी करतात, वरचेवर खाद्य देतात, गर्दी कमी ठेवतात. एवढ्याने गिळागिळी पुष्कळ कमी होते. मासा तोच, 'स्वभाव' तोच. मला या लेखात जे म्हणायचे आहे त्याचा सारा भार या एका गोष्टीवर आहे. आकारातला फरक, भूक आणि दाटी या तीन गोष्टी एकत्र आल्या की स्वजातिभक्षण वाढते. एक काढून घेतली की उतरते. क्रौर्य काढून घेण्याचा प्रश्न येतच नाही.

चिंबोरीचेही असेच आहे, फक्त तिथे आकाराऐवजी कवच आडवे येते. कवच वाढत नाही, म्हणून चिंबोरीला ते अधूनमधून टाकावे लागते आणि नवे कवच घट्ट होईपर्यंत ती लोण्यासारखी मऊ असते. त्या वेळी दुसरी चिंबोरी भेटली तर संपलेच. म्हणून मऊ चिंबोऱ्यांचा व्यवसाय करणारे प्रत्येकीला स्वतंत्र खोका देतात. आणि तरीही गंमत अशी की, मादीचा समागम नेमका याच मऊ अवस्थेत होतो. त्यासाठी नर तिला काही दिवस आधीपासून पोटाखाली धरून ठेवतो आणि नंतरही राखतो. तिला सहज फोडू शकणाऱ्या त्याच नांग्यांनी तिचे रक्षण होते. आता सांगा, चिंबोरी क्रूर की दयाळू?

मग सगळेच प्राणी सदासर्वकाळ एकमेकांना का खात नाहीत? कारण हा व्यवहार महाग आहे. आपल्या जातीचा प्राणी आपल्याच हत्यारांनी सज्ज असतो. तो आपला नातलगही असू शकतो. सख्ख्या भावंडांत वारशाने आलेली जनुके सरासरीने निम्मी सारखी असतात. तेव्हा भावंड खाणे परवडायचे तर आपला लाभ त्याच्या नुकसानीच्या निम्म्याहून अधिक हवा, असा हिशेब १९६४ मध्ये हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडलेल्या तत्त्वावरून निघतो. बेडकाच्या पिल्लाला हे गणित कुठून येणार, असे तुम्ही विचाराल. अमेरिकेतील वाळवंटी डबक्यांतल्या एका जातीची मांसाहारी पिल्ले शेजाऱ्याला तोंडात धरून पाहतात आणि भावंड निघाले तर बहुधा सोडून देतात! पण फार उपाशी असली तर हा विवेक सुटतो. तिथेही पुन्हा भूक आलीच.

तिसरा धोका रोगाचा. आपल्या जातीच्या शरीरातला रोगजंतू आपल्या शरीरात राहायला आयताच तयार असतो. इंग्लंडमध्ये १९८६ साली गाईंना एक मेंदूचा रोग आढळला. गुरांच्याच मांसाची व हाडांची भुकटी गुरांच्या खाद्यात मिसळली जात होती, हे त्याचे कारण ठरले आणि १९८८ मध्ये त्यावर बंदी आली. गाय आपण होऊन गाय खायला गेली नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

कोंबड्यांचेही तसेच. दाटीत ठेवलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसे टोचून काढतात, रक्त दिसले की तिथेच पुन्हा टोचतात आणि मग काही मरतात. यावर सर्रास केला जाणारा उपाय कोणता, तर चोची छाटणे. जागा वाढवली, प्रखर प्रकाश मंद केला, खाद्यातली प्रथिनांची उणीव भरून काढली, तरी हा प्रकार कमी होतो, पण त्याला पैसे लागतात. कोंबडी 'खुनशी' आहे असे म्हणणे त्यापेक्षा स्वस्त पडते. मला हे अप्रामाणिक वाटते.

हीच युक्ती माणसांच्या बाबतीतही चालते. 'मोठा मासा लहान माशाला गिळायचाच, निसर्गनियमच तो,' असे म्हणत धाकट्यांना छळणारा दांडगा मुलगा तुमच्या शाळेत असेल. मोठेपणी हेच वाक्य अधिक रुबाबदार कपड्यांत बोलले जाते. मत्स्यन्याय हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. पण तिथे तो बलवानांचे समर्थन म्हणून आलेला नाही. दंड धारण करणारा कोणी नसला तर बलवान दुर्बलाला गिळतो, म्हणून व्यवस्था हवी, असा त्याचा रोख आहे. जिताडा चाळून वेगवेगळ्या टाक्यांत ठेवणारा माणूस आणि कौटिल्य यांचे या बाबतीत छान जमले असते.

आता एक काम. पुढच्या वेळी घरी ओले बोंबील आले की साफ करणाऱ्या व्यक्तीला विचारून पट्टी घेऊन शेजारी बसा. प्रत्येक बोंबलाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहा. पोटात मासा निघाला तर त्याचीही लांबी, तो किती पचला आहे, आणि त्याचे डोके गिळणाऱ्याच्या शेपटीकडे आहे की जबड्याकडे, हेही लिहा. पोट रिकामे असले तरी नोंद सोडू नका, कारण रिकाम्या पोटांचा आकडा नसेल तर भरलेल्या पोटांना अर्थ राहत नाही. पन्नास बोंबील झाले की दोन लांबींचे गुणोत्तर काढून आलेख काढा. जिताड्याचे दोन तृतीयांश आपण वर पाहिलेच. बोंबलाचा जबडा त्याहून पुढे जातो का, ते तुमच्या आलेखात दिसेल.