उजनीचं पाणी कुणाकुणाचं?

भीमेवरच्या उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. पाणीवाटपाच्या चर्चेत हेच आकडे घुमत राहतात. काठावरचं जगणं त्यात येत नाही, याची आम्हाला खंत आहे.

हिवाळा सरत येतो तसं भिगवणजवळचं पाणी उतरतं, उथळ गाळ उघडा पडतो आणि रोहित पक्षी वाकड्या चोची उलट्या बुडवून त्यातलं शेवाळ, बारीक जीव गाळून खातात. त्याच पाण्यात मच्छीमार जाळी टाकतात आणि पहाटे पक्षी पाहायला आलेल्यांना होडीतून फिरवतात. पाखरांनी पाठ फिरवली, तर होडीवाल्याच्या घरातही चणचण जाणवते.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी पवना, मुळा, मुठा यांच्या वाटेनं शेवटी इथंच येतं. खाली सोलापूर याच पाण्यावर तहान भागवतं, ऊसही यावरच पोसला जातो. (उसाला किती द्यायचं, हा प्रश्न आता टाळू नये.) सांडपाण्यानं बिघडलेल्या या पाण्यात जाळ्यात हल्ली चिलापी (तिलापिया) मासाच फार, हेही साधं लक्षण नव्हे.

आमची मागणी स्पष्ट आहे. विसर्गाचं वेळापत्रक ठरवताना मच्छीमारांना बोलवा, आणि शहरांनी सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडावं.