अनुदान राहू द्या, आधी तपासणी द्या

मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे यांस,



आपल्या खात्याच्या योजनेतून नवा ट्रॅक्टर किंवा रोटाव्हेटर घ्यायचा तर महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. जमिनीची नोंद, विक्रेत्याचं कोटेशन आणि त्याला जोडून यंत्राचा तपासणी अहवाल. बुधनी, हिस्सार यांसारख्या ठिकाणच्या केंद्रीय संस्थेने किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेने ते मॉडेल चालवून, मोजून कागदावर उतरवलेलं असतं. मग पूर्वसंमती, खरेदी, मोका तपासणी आणि शेवटी खात्यावर पैसे. कारखान्यातून कोरं निघालेलं, कंपनीची वॉरंटी असलेलं यंत्र अशा दोन चाळण्यांतून जातं. आणि जे यंत्र आठ-दहा वर्षं कुणाकुणाच्या हाताखाली राबलं, ज्याला वॉरंटी नाही, ज्याचं सर्व्हिस बुक हरवलेलं आहे, ते घेताना शेतकऱ्याच्या बाजूने कुणीच उभं नसतं. हे पत्र त्या दुसऱ्या यंत्राबद्दल आहे.

मी संगमनेर तालुक्यातली दूध उत्पादक. मुक्त संचार गोठ्यात लहानमोठ्या 40 गाई आहेत. मोठ्या संकरित गाईचं शेण दिवसाला 20-25 किलोच्या घरात जातं, म्हणजे रोज जवळपास टनभर माल गोठ्यातून उकिरड्यावर न्यायचा. शिवाय मुरघास खड्ड्यातून काढून गव्हाणीपर्यंत आणायचा. गडी मिळत नाहीत आणि मिळाले तर टिकत नाहीत. उरतं ते काम घरातल्या बायकांवर येतं, हे आपल्याला सांगायला नको. घरच्या बाईच्या कष्टाला मजुरी लागत नाही, म्हणून बँकेच्या प्रकल्प अहवालात यंत्राने वाचवलेले तिचे तास शून्य रुपयांचे ठरतात आणि लोडर चैनीचा दिसतो.

आम्ही शोधतोय तो जुना स्किड स्टीअर लोडर. आपल्याकडे सरसकट त्याला बॉबकॅट म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो. याची पुढची चाकं वळत नाहीत. डाव्या आणि उजव्या बाजूची चाकं वेगवेगळी चालतात, त्यामुळे एक बाजू पुढे आणि दुसरी मागे घेतली की यंत्र जागच्या जागी गिरकी घेतं. ट्रॅक्टरचा लोडर जिथे शिरू शकत नाही, त्या दोन गव्हाणींमधल्या बोळात हा शिरतो. ओल्या रानात तो चाकांनी माती उकरून ठेवतो, तेव्हा नांगराच्या जागी त्याला कुणी धरू नये. काँक्रीटच्या गोठ्यात मात्र त्याला तोड नाही.

हे यंत्र जन्मलं तेच मुळी शेण-लिद उचलायला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉथसे या गावी सिरिल आणि लुई केलर या भावांचं लोहारकामाचं दुकान होतं. टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला खांबांच्या दाटीत फिरेल असं, खुराडं साफ करणारं हलकं यंत्र हवं होतं. 1957 मध्ये केलर बंधूंनी त्याला तीन चाकांचा लोडर बनवून दिला. पुढे मेलरो कंपनीने तो हाती घेतला, 1960 च्या सुमारास त्याला चौथं चाक आलं आणि 1962 पासून बॉबकॅट हे नाव लागलं. आपल्या मोटार वाहन नियमांत मात्र लोडर बसतो तो बांधकाम उपकरणांच्या पंगतीत. त्यामुळे पोल्ट्रीसाठी घडलेलं यंत्र आमच्याकडे येतं ते रस्ता, सिमेंट आणि बंदर फिरून. गोठ्यातल्या लोडरचा विषय पशुसंवर्धन खात्याचा, असं कुणी आपल्या टेबलावर म्हणेल. पशुसंवर्धन म्हणेल, यांत्रिकीकरण कृषीकडे. परिवहन खातं नोंदणीपुरतं पाहील. गाय या तिन्ही खात्यांची वाट पाहत थांबत नाही.

2014-15 पासून चालू असलेल्या केंद्राच्या यांत्रिकीकरण उपअभियानात अल्प-अत्यल्प भूधारकांना आणि महिलांना ठरलेल्या मर्यादेत 50 टक्क्यांपर्यंत, इतरांना 40 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. चांगली गोष्ट आहे. पण राज्यातली सरासरी जमीनधारणा 2015-16 च्या कृषिगणनेत 1.34 हेक्टर निघाली. एवढ्या शेतीवर नवा स्किड स्टीअर परवडत नाही. त्याची किंमत साध्या ट्रॅक्टरच्या कितीतरी पुढे जाते. छोट्या शेतकऱ्याचं यांत्रिकीकरण जुन्या यंत्रावर उभं आहे. त्याचा ट्रॅक्टर दुसऱ्या हाताचा, मळणी यंत्र तिसऱ्या हाताचं. हा व्यवहार हायवेच्या कडेच्या यार्डात, ओळखीच्या दलालामार्फत, शब्दावर होतो.

त्या यार्डात काय घडतं ते जवळून सांगते. आम्ही एक यंत्र पाहायला गेलो. मीटरवर 1,800 तास होते. विक्रेता म्हणाला, आरएमसी प्लांटवर, म्हणजे तयार काँक्रीटच्या कारखान्यात होतं, पाच वर्षं जुनं. आमच्या मिस्त्रींनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गरम. आम्ही पोचण्याआधी यंत्र चालू करून ठेवलेलं होतं, कारण थंड इंजिन कसं उठतं, पहिल्या मिनिटात धूर कुठल्या रंगाचा येतो, हे गिऱ्हाइकाने पाहू नये. मग हिशेब. प्लांटवर यंत्र रोज 8 तास, वर्षाला 300 दिवस धरलं तर एका वर्षातच 2,400 तास होतात. पाच वर्षांत 1,800 कसे? मीटर बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. पण पायाखालच्या पत्र्याची खरखर घासून गुळगुळीत झाली होती, लिव्हरच्या मुठी झिजल्या होत्या, आणि त्या काही मीटरसोबत बदललेल्या नव्हत्या.

पुढे बकेट जमिनीपासून जरा वर घेऊन मिस्त्रींनी पहार लावून हलवलं. पिना आणि बुश ढिले असले की तिथे खडखड होते, होत होती. आर्मच्या वेल्डिंगवर नवा रंग दिसला की तिथे बोट फिरवून पाहावं, खालची भेग हाताला लागते. एका बाजूची दोन्ही चाकं आतल्या साखळीवर चालतात आणि ती साखळी तेलाच्या पेटीत बुडालेली असते. पेटीचं झाकण उघडलं तर तेल दुधाळ. म्हणजे पाणी शिरलंय, साखळी आणि बेअरिंग आतून गंजतायत. शेवटची परीक्षा ढिगाऱ्याची. बकेट मातीच्या ढिगात घुसवून पुढे रेटायचं. चाकं जागेवर फिरली किंवा इंजिन दबलं तर ठीक. इंजिन मजेत गुणगुणतंय, चाकं फिरत नाहीत आणि यंत्र जागचं हलत नाही, असं झालं तर हायड्रोस्टॅटिक पंप किंवा मोटर खलास. ती दुरुस्ती यंत्राच्या किमतीचा मोठा लचका तोडते.

हे यंत्र आम्ही घेतलं नाही, कारण मिस्त्री सोबत होते. ज्याच्यासोबत असा माणूस नाही, त्याने कुणाकडे पाहायचं?

विक्रेत्याची भाषाही शिकून घ्यावी लागते. "साहेब, 1,400 किलो उचलतो" असं सांगितलं जातं. तो आकडा बहुधा टिपिंग लोडचा असतो, म्हणजे ज्या वजनाला यंत्राची मागची चाकं उचलली जाऊन ते तोंडावर कलंडायला येतं. चाकांच्या स्किड स्टीअरची कामाची क्षमता त्याच्या निम्मी धरतात. 1,400 सांगितलं तर रोजच्या कामाला 700. हा फरक माहीत नसलेला माणूस मुरघासाचं जड गाठोडं उंच उचलतो आणि यंत्र पुढे झुकतं.

सगळ्यात काळजीची गोष्ट सीटपुढच्या दांडीची. या यंत्रात चालक समोरून, उचलणाऱ्या दोन हातांच्या मधून चढतो-उतरतो. दांडी वर केली की आर्म आणि बकेट जागीच अडकले पाहिजेत, अशी आत सोय असते. पण सेन्सर बिघडला की नवा बसवण्याऐवजी वायर जोडून ती सोय बंद करतात. यंत्र चालतं, कुणाचं काही अडत नाही. असं यंत्र गोठ्यात आलं, उतरताना पाय चुकून लिव्हरला किंवा पेडलला लागला आणि आर्म खाली आला, तर माणूस बकेट आणि केबिनच्या मध्ये चिरडला जातो. प्लांटवर निदान सुपरवायझर असतो. आमच्याकडे गाई असतात आणि सुट्टीच्या दिवशी मागे मागे करणारी पोरं.

कागदाचं म्हणाल, तर फॉर्म 29 आणि 30 भरले, आधीचं कर्ज असेल तर फॉर्म 35 आणि फायनान्स कंपनीची एनओसी मिळाली, की मालकी बदलते. त्या कागदांत यंत्र किती तास चाललं याला रकाना नाही. नोंदणी झालेल्या जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याचं प्राधिकारपत्र घ्यायचा नियम 2023 पासून आला. त्याने वाहन कुणाच्या ताब्यात आहे हे कळतं, त्याच्या पोटात काय चाललंय हे कळत नाही.

म्हणून मागणं असं आहे, आणि त्यात अनुदानाचा एक रुपया नाही.

पहिलं, जुन्या शेतीयंत्रासाठी मराठीत एक पानाचा तपासणी नमुना काढा. यंत्राचा आणि इंजिनाचा क्रमांक, उत्पादनाचं वर्ष, मीटरचे तास आणि झिजेवरून ते पटतात का, आधी कुठल्या कामावर होतं, थंड इंजिन उठलं का, तेलं कशी आहेत, पिना-बुश, वेल्डिंग, ढिगाऱ्यावरचा जोर, सुरक्षा दांडी, सुटे भाग जिल्ह्यात मिळतात का. "आधी कुठल्या कामावर" याला महत्त्व द्या. सिमेंटवरच्या यंत्राचा रेडिएटर बुजलेला असतो, बंदरावरच्याला खाऱ्या हवेचा गंज असतो.

दुसरं, हा नमुना भरून देणारी माणसं तयार करा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत कृषी अभियांत्रिकी शिकवली जाते. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. तिथल्या शिक्षकांना आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना यार्डात पाठवा. फी यंत्र घेणाऱ्याने भरावी, विकणाऱ्याने नाही. मुलांचे हात काळे होतील, आमचे पैसे वाचतील.

तिसरं, सुरक्षा दांडी बंद केलेल्या यंत्राला दाखला मिळू नये, बाकी सगळं उत्तम असलं तरी.

चौथं, असा दाखला असलेल्या यंत्राला कर्ज द्यायचा विषय राज्यस्तरीय बँकर्स समितीपुढे ठेवा. आज जुन्या यंत्राला बँक सहसा हात लावत नाही, म्हणून शेतकरी जादा व्याजाने फायनान्स कंपनीकडे जातो किंवा सोनं गहाण ठेवतो. यंत्राची अवस्था कागदावर आली तर बँकेलाही मूल्य ठरवता येईल.

यावर काय म्हटलं जाईल ते ठाऊक आहे. दाखला दिल्यावर महिन्याने यंत्र बंद पडलं तर जबाबदार कोण? रक्त तपासणीचा अहवाल देणारी लॅब पुढच्या वर्षीच्या तापाची हमी देत नाही. हा दाखलाही त्या दिवसाच्या अवस्थेचा असावा, आणि तसं ठळक छापावं. दाखले विकले जातील, असं दुसरं कुणी म्हणेल. रास्त भीती आहे. त्यावर उपाय म्हणजे थंड इंजिन चालू करतानाचा आणि ढिगाऱ्यावरचा व्हिडिओ क्रमांकासह नोंदवणं, आणि अधूनमधून दुसऱ्या माणसाकडून फेरतपासणी करणं. शेताच्या बांधावर जाऊन फोटो काढायची सवय आपल्या खात्याला आधीच आहे.

"भाड्याने का घेत नाही? अवजार बँका आहेत" असाही सल्ला मिळेल. नांगरट, पेरणी, मुरघासाची कुट्टी यांना भाडं चालतं, कारण ते काम हंगामाचं आहे. शेण रोजचं आहे आणि सगळ्यांनाच ते सकाळच्या त्याच दोन तासांत उचलायचं असतं. एका लोडरवर वाडीतले चार गोठे भागत नाहीत. वापर मात्र दिवसाला जेमतेम दोन तास, वर्षाला 700 च्या आसपास. इतक्या कमी वापराला, नीट निवडलेलं जुनं यंत्र हाच शहाणा सौदा आहे. "नीट निवडलेलं" एवढ्यापुरतीच आपली मदत हवी.

सगळ्या राज्यात एकदम सुरू करा, असं म्हणत नाही. दुधाचा एक जिल्हा घ्या, तिथलं एक अभियांत्रिकी महाविद्यालय घ्या आणि एक वर्ष करून पाहा. त्याला समिती नेमावी लागेल, शासन निर्णय निघेल, वेळ जाईल, हे समजतं. पण पहिल्या मागणीतलं ते एक पान छापून प्रत्येक तालुका कृषी कार्यालयाच्या फलकावर लावायला यातलं काहीच लागत नाही. यार्डात जाणारा शेतकरी ते घडी घालून खिशात ठेवील आणि विक्रेत्यासमोर उघडेल. तेवढं या महिन्यात करा. बाकीचं समितीला ठरवू द्या.

कळावे,

आपली विश्वासू,
एक दूध उत्पादक शेतकरी,
ता. संगमनेर