टक्के किती, आणि कशाचे?

‘प्रथम’ या संस्थेचा ‘असर’ अहवाल जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्के मुलांना भागाकार येतो, असे त्यात नमूद आहे. २०२२ मध्ये हे प्रमाण २५.६ टक्के होते. ही वाढ पाचाची मानावी की विसाची? दोन्ही उत्तरे खरी आहेत. शंभर मुलांमागे पाच मुले वाढली, आणि आधीच्या संख्येच्या मानाने ती वाढ सुमारे वीस टक्के ठरते. कौतुक करणारा विसावर बोट ठेवील, टीकाकार पाचावर. ज्याला शेकडेवारी केवळ ‘शंभराने गुणा’ या मंत्राने शिकविली गेली, तो वाचक दोघांपुढेही मान डोलावील.

पावकी, निमकी, पाऊणकी घोकणाऱ्या पिढीला निदान अपूर्णांकाची ओळख तरी होती. (छडीच्या धाकाने होणाऱ्या त्या पाठांतराचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही.) तेव्हाच्या रुपयाचे सोळा आणे आणि १९२ पै होत, म्हणून रुपयाचा तिसरा हिस्सा बरोबर पाच आणे चार पै असा हातात मोजून देता येई. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर पैसे झाले, हिशेब सोपा झाला, पण तिसरा हिस्सा ३३ पैशांवर अडून बसला. पुढे २०११ च्या जूनअखेर चार आण्यांचे नाणेही चलनातून बाद झाले. आजच्या मुलाला पाव म्हणजे पंचवीस हे फळ्यावरूनच कळते.

फळ्यावर ते नीट कळावे, ही अपेक्षा वाजवी आहे. २५ पैकी १८ गुण आणि ५० पैकी ३३ गुण यांत सरस कोणते, हे विचारले की अनेक मुले ३३ कडे धावतात. दोन्ही छेद शंभरावर आणले की ७२ आणि ६६ असे उत्तर येते, आणि शंभर हा आकडा कशासाठी घ्यावयाचा याचा उलगडा होतो: भिन्न मापे एका मापाने मोजता यावीत म्हणून. हे कळण्यापूर्वी सूत्र हाती दिले, तर मूल गुणाकार करते, तुलना करीत नाही.

या उणिवेची किंमत परीक्षेपुरती राहत नाही. महसूल खात्याची पूर्वीची आणेवारी आज पैसेवारी झाली असली, तरी तिच्या मुळाशी अपूर्णांकच आहे: गावचे हेक्टरी उत्पन्न भागिले प्रमाण उत्पन्न. समजा, पीक हेक्टरी सहा क्विंटल आले. प्रमाण उत्पन्न साडेबारा क्विंटल धरले तर पैसेवारी ४८; साडेअकरा धरले तर ५२. पिकात दाण्याचाही फरक नाही, पण पन्नासाची रेघ मध्ये आहे, आणि जमीन महसुलातील सूट, मुलांची परीक्षा शुल्कमाफी यांसारख्या सवलती त्या रेघेवर अवलंबून राहत आल्या आहेत. गावकरी चावडीवर लावलेला अंश पाहतात व पाऊसपाण्यावर वाद घालतात. छेद कोणी, कशाच्या आधारे ठरविला, हे तलाठ्याला विचारणारा माणूस पाचवी-सहावीच्या वर्गातच घडावयाचा असतो. तेथे मात्र शेकडेवारीचा धडा दोन तासिकांत आटोपून शिक्षक सरळव्याजाकडे वळलेले असतात.